संयुक्त राष्ट्रांविषयीचे शिक्षण

आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि शांततारक्षण करणाऱ्या जागतिक संस्थांचे काम, अधिकार व मर्यादा विद्यार्थ्यांना शिकवण्याची ही पद्धती नागरिकशास्त्र, इतिहास आणि राज्यशास्त्र या विषयांना जोडून चालते. सदस्य देशांनी आपल्या शाळांत संयुक्त राष्ट्रांचे उद्देश, रचना व कार्य शिकवावे, असे आवाहन आमसभेने १९४७ मध्येच ठरावाद्वारे केले होते. युनेस्कोने १९५३ मध्ये सहयोगी शाळांचे जाळे सुरू केले.

पाठ्यपुस्तकांत हा विषय बहुधा सहा प्रमुख अंगांच्या यादीत अडकतो. सुरक्षा परिषदेचे १५ सदस्य, त्यांपैकी ५ कायम आणि नकाराधिकारी, एवढे पाठ होते. पण परिषदेने ठरवले तर सैनिक येतात कुठून, हे विचारले की वर्ग गप्प होतो. संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे खडे सैन्य नाही. सदस्य देश तुकड्या पाठवतात, खर्च सर्वांवर ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. सनदेत तर शांतिसेनेचा उल्लेखही नाही. वाटाघाटींचे सहावे प्रकरण आणि सक्तीच्या कारवाईचे सातवे, यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती प्रथा पडत गेली.

ती कशी पडली, हे शिकवायला १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगाइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. इजिप्तवर हल्ला झाला तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्स यांनी नकाराधिकार वापरून सुरक्षा परिषदेला अडवले. हे दोघे त्या कारवाईत स्वतःच सामील होते. मग परिषद अडली तर आमसभेला पाऊल उचलू देणाऱ्या १९५० च्या ‘शांततेसाठी एकजूट’ ठरावाचा आधार घेऊन आमसभेचे तातडीचे विशेष अधिवेशन भरले. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअरसन यांनी आंतरराष्ट्रीय दलाची कल्पना मांडली, महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी काही दिवसांत आराखडा उभा केला आणि नोव्हेंबर संपण्याआधी सैनिक इजिप्तमध्ये उतरले. ते वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांची शिरस्त्राणे निळी रंगवली होती. मात्र दल इजिप्तच्या संमतीने आले होते. मे १९६७ मध्ये इजिप्तने ते हटवायला सांगितले, ते हटले आणि जूनमध्ये युद्ध पेटले. संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षण वा सोपवलेल्या कार्याचे रक्षण एवढ्यापुरताच बळाचा वापर, ही आजची तीन तत्त्वे फळ्यावर लिहिण्यापेक्षा या घटनाक्रमातून लवकर उमगतात. वरच्या इयत्तांत रुवांडा (१९९४) आणि बोस्नियातील स्रेब्रेनित्सा (१९९५) यांना बगल देऊ नये. निळी शिरस्त्राणे हजर असूनही तिथे नरसंहार झाला.

अभिरूप संयुक्त राष्ट्रे (मॉडेल यूएन) हा सर्वांत लोकप्रिय वर्गप्रयोग. त्याची मुळे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळातील अभिरूप सभांपर्यंत जातात. विद्यार्थ्याला एक देश नेमून दिला जातो आणि स्वतःचे मत बाजूला ठेवून त्या देशाची भूमिका मांडावी लागते. खरे शिक्षण भाषणांपेक्षा मधल्या सुटीतल्या घासाघाशीत होते: मसुद्यात ‘निषेध करते’ ठेवायचे की ‘चिंता व्यक्त करते’, यावर पाठिंबा देणारे देश जमतात किंवा पांगतात. स्पर्धेने मात्र यात खोट आणली आहे. ‘उत्कृष्ट प्रतिनिधी’ हे पारितोषिक बहुधा सर्वांत जास्त बोलणाऱ्याला मिळते, तर प्रत्यक्ष आमसभेत बरेचसे ठराव मतदानाशिवाय, सहमतीने संमत होतात. म्हणून काही शिक्षक पारितोषिके वगळतात आणि शेवटी भूमिकांची अदलाबदल करतात; ज्याने नकाराधिकार वापरला, त्याला त्याच प्रश्नावर हल्ला झालेल्या देशाच्या वतीने बोलावे लागते.