ओनील घराणं नक्की किती जुनं?

आयरिश आडनावातला ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. म्हणजे ओनील म्हणजे नीलचा नातू, सरळ आहे. पण कुठला नील? आडनाव पडलं ते उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या एका राजावरून, जो 919 साली डब्लिनजवळ व्हायकिंग लोकांशी लढताना मारला गेला, आणि त्याच्या नातवापासून हे नाव पुढे चालू झालं. घराणं मात्र आपलं मूळ त्याच्याही पाचेकशे वर्षं मागे नेतं, ‘नऊ ओलिसांचा नील’ म्हणून जो दंतकथेतला राजा आहे त्याच्यापर्यंत.

आता हा जुना नील खरंच होता का हे कागदावरून सिद्ध करणं अवघड, कारण वंशावळी लिहिल्या गेल्या त्या कितीतरी नंतर, आणि सत्तेतल्या घराण्याला हवा तसा पूर्वज जोडून देणं हे तेव्हाच्या भाटांचं कामच होतं. म्हणून 2006 साली ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या टीमने वेगळाच पुरावा बघितला, वाय क्रोमोसोम, म्हणजे पुरुषांच्या डीएनएचा एक भाग. हा बापाकडून फक्त मुलाकडे जातो, जवळपास जसाच्या तसा, अधूनमधून एखादं अक्षर बदलतं तेवढंच, आणि तो बदल मग पुढच्या सगळ्या पुरुषांत राहतो, खुणेसारखा. त्यांना दिसलं की वायव्य आयर्लंडमधे दर पाच पुरुषांमागे साधारण एकाकडे एकच खूण आहे, आणि गॅलॅहर, डोहर्टी, ओडॉनल, क्विन अशा, परंपरेने नीलचे वंशज मानल्या गेलेल्या आडनावांत ती जास्तच.

एका माणसाचा वंश एवढा पसरतो कसा? बायका अनेक, आणि औरस-अनौरस हा भेद फार मानत नसत, वारसाहक्क आख्ख्या भावकीत, म्हणजे एकाच पणजोबाच्या सगळ्या पुरुष वंशजांत फिरायचा. 1423 साली वारलेल्या टर्लो ओडॉनल नावाच्या एका सरदाराला 18 मुलगे आणि 59 नातू होते म्हणतात! असं चार-पाच पिढ्या चाललं की झालं.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. नंतर पूर्ण क्रोमोसोम वाचता यायला लागले तेव्हा कळलं की ही खूण नीलच्या काळाच्याही बरीच आधीची आहे, आणि ओनील आडनावाच्या सगळ्यांत ती सापडतही नाही. म्हणजे नीलला ती आधीच्या कुणा पूर्वजाकडून मिळाली असेल, किंवा नसेलही. नाव एकाकडून आलं आणि रक्त दुसऱ्याकडून, असं कुळांत होतंच की, दत्तक असतात, आश्रयाला आलेले असतात, ते मालकाचंच नाव लावायला लागतात.

आणि आयरिश लोकांना केल्टिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या केल्ट लोकांचे वंशज, म्हणतात, त्याचं काय? पूर्वी शाळेत शिकवायचे की केल्ट लोक लोहयुगात, इसवी सनाच्या चारपाचशे वर्षं आधी, युरोपातून आयर्लंडमधे आले. मग 2006 मधेच उत्तरेकडच्या रॅथलिन बेटावर एका पबच्या मागे रस्त्यासाठी जमीन साफ करताना हाडं निघाली. त्यातल्या तीन पुरुषांचा डीएनए वाचला तर ते साधारण 4000 ते 3500 वर्षांपूर्वीचे, ब्राँझ युगातले, आणि आजच्या आयरिश, स्कॉटिश, वेल्श लोकांच्या खूप जवळचे. त्यांच्यात काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आलेल्या पशुपालकांचा वारसाही होता. म्हणजे आजच्या आयरिश लोकांचा मुख्य वारसा लोहयुगाच्या हजारभर वर्षं आधीच तिथे येऊन बसला होता.

भाषा कधी आली हे हाडं सांगत नाहीत. पण आयरिशमधे सात म्हणजे ‘शख्त’, आठ म्हणजे ‘ओख्त’ आणि राजा म्हणजे ‘री’. सप्त, अष्ट, राजन् शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणून बघा.