बडोद्याचा समुद्र

या डिसेंबरात आम्ही पाच-सहा जण सौराष्ट्र मेलने ओख्याला उतरणार आणि तिथून शिडाच्या होडीने बेट द्वारका, मग किनाऱ्याकिनाऱ्याने द्वारका गाठणार. बडोद्यातल्या मांडवीच्या काकूंनी ऐकलं आणि विचारलं, “अरे, विश्वामित्रीकाठच्या माणसांना समुद्र कशाला हवा?” पण बडोद्याला स्वतःचा समुद्र होता, तोही चांगली 132 वर्षं.

1817 मध्ये इंग्रजांनी ओखामंडळ, म्हणजे ओखा-द्वारकेचा मुलूख, बडोद्याच्या गायकवाडांच्या हवाली केलं. राज्यच तुकड्यातुकड्यांचं; त्यातला हा पश्चिमेच्या पार टोकाचा. इथले वाघेर जमातीचे लोक दर्यात मुरलेले. इंग्रजी दप्तरात त्यांची नोंद चाचे म्हणून. 1858-59 मध्ये जोधा माणेक आणि मुळू माणेक या आपल्या म्होरक्यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी द्वारका आणि बेट ताब्यात घेतलं, तेव्हा इंग्रजांना आरमार आणावं लागलं. बेटाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, देवळंही सुटली नाहीत. पुढे सयाजीरावांच्या काळात, 1926 मध्ये, ओखा बंदर सुरू झालं. 1 मे 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

जुन्या द्वारकेच्या अवशेषांचा शोध मात्र नंतरचा. 1963 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने द्वारकेच्या देवळाशेजारी खणलं. 1980 च्या दशकात एस. आर. राव यांच्या पुढाकाराने पाणबुडे समुद्रात उतरले. (हडप्पाकालीन लोथलचं उत्खनन करणारे ते हेच; त्यांच्या नोकरीची सुरुवात बडोदा संस्थानच्या पुरातत्त्व खात्यातली.) पाण्याखालच्या दगडी बांधकामात रावांना कृष्णाची द्वारका दिसली. नंतरच्या अभ्यासकांनी त्यातलं बरंचसं बांधकाम ऐतिहासिक काळातलं, बंदराचं ठरवलं. मला या वादापेक्षा तिथले जहाजांचे नांगर जास्त बोलके वाटतात.

दगडी नांगर, एकट्या द्वारकेसमोर शंभराहून जास्त. त्यातला त्रिकोणी प्रकार बघा: जाड चपटा दगड, वर एक भोक, खाली दोन. वरच्या भोकात दोर. खालच्या दोन्हींत लाकडी खुंट ठोकायचे, म्हणजे ते तळात रुततात. लाकूड आणि दोर कधीच कुजून गेले, दगड उरला. नुसत्या दगडाचं वय काढता येत नाही, त्यामुळे कालनिर्णयाची पंचाईत.

पण इतके नांगर तिथेच का सुटले? इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावाटांच्या वर्णनात ‘बराका’ आखात येतं; बहुतेक अभ्यासक ते कच्छचं आखात मानतात. तिथे भोवरे आहेत, तळ खडकाळ आणि धारदार आहे, नांगर कापले जातात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. द्वारकेसमोर पाणबुड्यांना बरेच नांगर खडकांच्या फटींत अडकलेले सापडले. बेटाच्या आतल्या बाजूला पाणी शांत. तिथे हडप्पा संस्कृतीच्या उत्तरार्धातल्या वस्तीच्या खुणा आहेत, आणि पाण्यात रोमन मद्यकुंभांची खापरंही मिळालीत.

2024 मध्ये सुदर्शन सेतू झाल्यापासून बेटावर गाडीनेच जाता येतं, त्यामुळे होडी म्हणजे आमची हौस. ओख्याच्या टंडेलला, म्हणजे होडीच्या तांडेलाला, फोन केला. पैशांचं बोलण्याआधीच त्याने बजावलं, “द्वारकेसमोर रात्री लंगर टाकणार नाही हं. मुक्काम बेटाच्या आडोशालाच.”