सोर्सवरून बिल्ड करताना प्रीफिक्स 'यूएसआर'च द्यायचा? नाही हो!

नाशकात कॉलेज रोडच्या क्लासेसपासून सातपूरच्या छोट्या ऑफिसांपर्यंत पोरं एकमेकांना हेच सांगतात, की लिनक्सवर सोर्स कोडवरून प्रोग्रॅम स्वतः बनवून बसवताना, म्हणजे कॉन्फिगर ही तयारीची स्क्रिप्ट चालवताना, प्रीफिक्स (प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये बसवायचा तो) 'यूएसआर'च द्या, नाहीतर सिस्टीमला प्रोग्रॅम सापडतच नाही. हे चुकीचंय, आणि यात मशीनची वाट लागते म्हणून कळकळीने लिहितोय.

'यूएसआर' फोल्डर हा पॅकेज मॅनेजरचा, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि अपडेट करणाऱ्या प्रोग्रॅमचा, उबुंटू-डेबियनवर एपीटीचा. तिथे तुम्ही हाताने फाइल टाकली तर त्याच्याकडे तिची नोंदच नसते, मग पुढचा अपडेट ती गपचूप पुसून स्वतःची ठेवतो, किंवा तुमची नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) जुनीवर बसते आणि तिच्यावर चालणारे भलतेच प्रोग्रॅम बंद पडतात, आणि कारण शोधता शोधता रात्र जाते.

ऑटोकॉन्फवाल्या सॉफ्टवेअरला (ज्याची कॉन्फिगर स्क्रिप्ट ऑटोकॉन्फ या टूलने बनवलेली असते) प्रीफिक्स काहीच सांगितला नाही तर ते 'यूएसआर'च्या आतल्या 'लोकल'मध्ये जातं, आणि ही जागा हाताने टाकलेल्या गोष्टींसाठीच राखलेली आहे, कुठल्या फोल्डरमध्ये काय ठेवायचं हे ठरवणाऱ्या 2015 च्या फाइलसिस्टीम हायरार्की स्टँडर्ड 3.0 मध्येही तसंच लिहिलंय. त्यातला 'बिन', म्हणजे चालवायच्या प्रोग्रॅमचा फोल्डर, उबुंटूवर आधीपासूनच पाथमध्ये (सिस्टीम प्रोग्रॅम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) असतो, तोही सिस्टीमच्या 'बिन'च्या आधी!

मग 'सापडत नाही' हे आलं कुठून? बहुतेक वेळा लायब्ररीमुळे. इन्स्टॉलनंतर सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) लावून एलडीकॉन्फिग ही कमांड एकदा चालवा, लोडरची, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना लायब्ररी शोधणाऱ्या भागाची, यादी ताजी होते.

कॉलेज लॅबमध्ये सुडो नसेल तर प्रीफिक्सला होम फोल्डरमधला 'डॉट लोकल' द्या.