जुने गोवे आणि गोवा वेल्हा: सहलीला येण्यापूर्वी कृपया वाचावे

तिसवाडी बेटाच्या आमच्या एकदिवसीय सहलीसाठी ज्यांनी नाव नोंदवले आहे, त्यांना हे पत्रक निघण्यापूर्वी निदान एकदा पूर्ण वाचण्याची विनंती आहे. गोव्यात आपण याआधी आला असाल, समुद्रकिनारे पाहिले असतील, पणजीही ओळखीची असेल, असे आम्ही गृहीत धरतो. म्हणून येथे प्रामुख्याने एकाच गोष्टीविषयी लिहिले आहे, कारण तीच गोष्ट आमचा आणि आपला सर्वाधिक वेळ खाते. ती म्हणजे ठरलेल्या ठिकाणी पोहोचण्याऐवजी त्याच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या गावी पोहोचणे.

आमची सहल जुन्या गोव्यातून सुरू होते. या गावाला ओल्ड गोवा म्हणतात आणि पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘वेल्हा गोवा’ असे येते. त्याच तिसवाडी बेटाच्या दक्षिण बाजूला, पणजी–मडगाव महामार्गावर ‘गोवा वेल्हा’ नावाचे वेगळेच गाव आहे. शब्द तेच, फक्त मागेपुढे झालेले. जुने गोवे मांडवीच्या काठी आहे, गोवा वेल्हा झुआरीच्या बाजूला आहे, आणि एका गावातून दुसऱ्या गावात वाहनाने जायलाही अर्धा तास लागतो. मोबाइलच्या नकाशात घाईने नाव टाकले की पुष्कळदा दुसरेच गाव समोर येते, आणि दाबोळी विमानतळावरून किंवा मडगावहून येणाऱ्यांना तर ते वाटेतच लागत असल्यामुळे पाटी पाहून गाडी थांबवण्याचा मोह होतो.

गेल्या हंगामात कोल्हापूरहून आलेल्या एका कुटुंबाचा सकाळी पावणेनऊला फोन आला. बरोबर सत्तरीच्या आजी होत्या. काका म्हणाले, ‘आम्ही चर्चसमोरच उभे आहोत, तुम्ही कुठे आहात?’ आमचा माणूस बॉम जीझस बॅसिलिकेच्या आवारात त्यांना शोधत फिरला, तिथून से कॅथेड्रलच्या हिरवळीवर गेला, पण ते काही सापडेनात. शेवटी त्याने विचारले, ‘काका, समोर नदी दिसते का? आणि नदीवर फेरीबोट आहे का?’ काका म्हणाले, समोर महामार्ग आहे आणि ट्रक जात आहेत. ते गोवा वेल्ह्याच्या सेंट अँड्र्यू चर्चसमोर उभे होते. त्यांना गाडी पाठवून आणेपर्यंत साडेनऊ वाजून गेले आणि उरलेला सगळा गट भेटीच्या ठिकाणी, व्हाइसरॉयच्या कमानीखाली, ताटकळला. आजींनी उन्हात उभे राहिल्याबद्दल एका शब्दाने तक्रार केली नाही, याचेच आम्हाला अधिक वाईट वाटले. ‘चर्चसमोर’ ही खूण गोव्यात कोठेच पुरेशी नसते आणि जुन्या गोव्यात तर मुळीच नसते, हे तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

म्हणून भेटीचे ठिकाण नेमके सांगतो. मांडवीतील दिवाडी बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीचा जुन्या गोव्यातील धक्का आपण गाठावा. धक्क्यापासून चढणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान आहे, तिच्याखाली सकाळी साडेआठ वाजता आमचा माणूस उभा असतो. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून येणाऱ्यांनी फोंड्याची बस धरावी. कंडक्टर ‘ओल्ड गोवा, बाणस्तारी, फोंडा’ असे पुकारत असतात, ती बस बरोबर आहे. मडगावची बस धरल्यास ती आपल्याला बांबोळीवरून गोवा वेल्ह्यात आणि पुढे आगशी, कुठ्ठाळीकडे नेईल. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी करमळी स्थानकावर उतरावे, कारण जुने गोवे तिथून अगदी जवळ आहे. मांडवी एक्सप्रेस आणि कोकणकन्या या दोन्ही गाड्या तेथे थांबतात. मुरगाव बंदरात क्रूझने येणाऱ्यांनाही झुआरी पूल ओलांडल्यावर गोवा वेल्हा आधी लागते. त्यांनी चालकाला गावाचे नाव न सांगता ‘दिवाडी फेरीचा धक्का, जुने गोवे’ असे सांगावे.

नावांचा हा गुंता कोणाच्या चुकीमुळे झालेला नाही. त्यामागे या बेटाचा सगळा इतिहास आहे, आणि तो समजला की चूकही सहसा होत नाही. तिसवाडीच्या उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळचा वाळूचा दांडा वाहतुकीला अडवतो, तेव्हा खनिज वाहणाऱ्या बार्जेस याच कालव्यातून झुआरीत उतरून मुरगावला जात आल्या आहेत. चारी बाजूंनी पाणी असलेल्या या बेटावर एकामागून एक तीन बंदरशहरे उभी राहिली.

पहिले गोपकपट्टण. अकराव्या शतकात कदंब राजा पहिला जयकेशी याने चंद्रपूरहून, म्हणजे आजच्या चांदरहून, राजधानी येथे हलवली. शहर झुआरीच्या काठी होते आणि अरब व्यापारी येथे स्थायिक झालेले होते. त्या काळच्या ताम्रपटात एका मुस्लिम व्यापारी घराण्यातील अधिकाऱ्याने बांधलेल्या धर्मशाळेचा उल्लेख आहे आणि तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांवर कर बसवल्याचीही नोंद आहे. बंदराच्या उत्पन्नातून वाटसरूंची सोय करण्याची ही व्यवस्था इतकी जुनी आहे, याचे आम्हाला, प्रवाशांच्या सेवेवरच पोट असलेल्यांना, फार अप्रूप वाटते. पुढे आक्रमणे झाली, झुआरीचा काठ गाळाने भरत गेला आणि व्यापार उत्तरेकडे मांडवीच्या काठी एला या ठिकाणी सरकला. बहमनी आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात एला हेच मोठे बंदर झाले. आफोन्सो द आल्बुकर्कने 25 नोव्हेंबर 1510 रोजी ते जिंकले आणि 1530 मध्ये पोर्तुगीजांनी पूर्वेकडील आपली राजधानी कोचीनहून येथे आणली. तेव्हा ‘गोवा’ म्हणजे एला, आणि त्याहून जुने, ओस पडलेले कदंबांचे शहर म्हणजे ‘गोवा वेल्हा’, असे नाव पडले.

रोगांच्या साथींनी एला शहर पोखरले. व्हाइसरॉयचा मुक्काम 1759 मध्ये पणजीतील आदिलशाही वाड्यात गेला आणि 1843 मध्ये पणजी ‘नोव्हा गोवा’, म्हणजे नवे गोवे, या नावाने अधिकृत राजधानी झाली. नवे गोवे आल्यावर एलाही जुने झाले आणि त्याला ‘वेल्हा गोवा’ म्हणू लागले. एका बेटावर दोन ‘जुनी’ गावे झाली ती अशी. ज्या कदंब बसने आपण चुकून गोवा वेल्ह्याला जाता, तिच्यावर ज्या घराण्याचे नाव आहे त्याची राजधानी तेथेच होती, हे उतरल्यावर लक्षात राहिले तरी ती फेरी वाया गेली असे म्हणवत नाही. तरीही आमची सहल तेथून सुरू होत नाही.

उशीर झाल्यास आम्ही वीस मिनिटांपलीकडे का थांबत नाही, याबद्दल काही ग्राहकांनी नाराजी कळवली आहे. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. सहलीचा क्रम उन्हाकडे आणि प्रार्थनेच्या वेळांकडे पाहून ठरवलेला आहे. सुरुवातीला आपण कमानीखाली थांबतो. नवा व्हाइसरॉय नदीवरून याच वाटेने शहरात येई आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या जात. नदीकडील बाजूला वास्को द गामाची मूर्ती आहे. ही कमान त्याच्या पणतवाने, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने, बांधवून घेतली आणि 1954 मध्ये ती पुन्हा उभारण्यात आली. त्यानंतर से कॅथेड्रल आणि बॉम जीझस होते, आणि मग आपण टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांत जातो. तेथे सावली जवळजवळ नाही. साडेदहाला पोहोचलेला गट 46 मीटरच्या त्या मनोऱ्याकडे मान वर करून निवांत पाहतो. बारा वाजता पोहोचलेला गट भिंतीच्या कडेला सावली शोधत बसतो आणि वयस्कर मंडळी गाडीतच थांबतात. एका कुटुंबाची वाट पाहण्यासाठी सात जणांचा तो तास घालवणे आम्हाला योग्य वाटत नाही. उशिरा येणाऱ्यांना आम्ही सोडून देत नाही. त्यांनी फोन करावा, पुढच्या टप्प्यावर त्यांना सामील करून घेतले जाते.

रविवारी आम्ही सहल काढत नाही. त्या सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असतात आणि प्रार्थनेला बसलेल्या माणसांमधून पर्यटक फिरवणे आम्हाला पटत नाही. खांदे आणि गुडघे झाकणारा पेहराव असावा. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवून तारीख निवडावी.

दुपारी आपण रायबंदरच्या बांधरस्त्याने पणजीला येतो. हा रस्ता 1633–34 मधला आहे आणि आजही वाहतूक पेलतो. पणजीच्या चर्चच्या पायऱ्या चढून गेल्यावर वर टांगलेली मोठी घंटा आम्ही मुद्दाम दाखवतो, कारण सकाळी जो सेंट ऑगस्टीनचा मनोरा आपण पाहिलेला असतो, त्याचीच ती घंटा आहे. मठ ओस पडल्यावर ती तेथून उतरवली गेली आणि 1871 मध्ये येथे बसवली गेली. सकाळी पाहिलेले शहर दुपारी पाहिलेल्या शहरात कसे आले, हे या एका घंटेवरून जितके कळते तितके तासभर बोलूनही सांगता येत नाही, आणि दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहावीत असा आमचा आग्रह यासाठीच आहे.

त्यानंतर फोंताइनास, म्हणजे पणजीतील जुनी वस्ती. तेथे आठपेक्षा अधिक माणसांचा गट आम्ही नेत नाही. पर्यटन वाढल्यापासून या अरुंद गल्ल्यांत रंगीत भिंतींसमोर छायाचित्रांसाठी गर्दी होते आणि रहिवाशांनी त्याबद्दल वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. ती माणसांची राहती घरे आहेत. पायऱ्यांवर बसू नये, खिडकीतून आत डोकावू नये आणि आवाज बेताचा ठेवावा. लहान गटामुळे आमचा दर मोठ्या बसच्या सहलींपेक्षा थोडा अधिक पडतो, हे आम्ही मान्य करतो. पण मोठी बस जुन्या गोव्याला तासभर आणि पणजीला अर्धा तास देते. आम्ही पूर्ण दिवस देतो.

ज्यांना मूळ गोपकपट्टणच पाहायचे आहे, त्यांच्यासाठी गोवा वेल्हा आणि पिलार अशी अर्ध्या दिवसाची वेगळी सहल आहे. पिलारच्या टेकडीवरील संग्रहालयात कदंबकालीन वस्तू जपलेल्या आहेत. दिवाडीची सहलही मागणीप्रमाणे काढतो. श्री सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान दिवाडी बेटावर होते आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये नदीपलीकडे नार्वे येथील मंदिराचा जीर्णोद्धार केला, त्यामुळे महाराष्ट्रातून येणारी मंडळी तिची विशेष चौकशी करतात. दिवाडीहून फेरीने उतरून नार्व्याचे दर्शन त्याच दिवशी घडवता येते.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी आमचा फोन येईल. आपण कोठून, कोणत्या वाहनाने येणार आहात हे तेव्हा सांगावे. झुआरी पुलावरून येत असल्यास तेही अवश्य सांगावे, म्हणजे सकाळी आठ वाजता आम्ही आपल्याला पुन्हा एकदा फोन करू.