गरोदरपणातील कुपोषण आणि बाळाची किडनी

गरोदर बाईच्या पोटात पुरेसे अन्न गेले नाही, तर बाळाच्या मूत्रपिंडांची जडणघडण अपुरी राहू शकते. त्याची झळ बऱ्याचदा तिशी-चाळिशीनंतर लागते, रक्तदाब किंवा किडनीच्या जुनाट आजाराच्या रूपाने.

मूत्रपिंडात रक्त गाळण्याचे काम नेफ्रॉन करतात. प्रत्येकाच्या टोकाला बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता असतो, तीच गाळणी. एका मूत्रपिंडात सरासरी ९ ते १० लाख नेफ्रॉन असतात. कुणाकडे जेमतेम २-३ लाख, तर कुणाकडे २० लाखांच्या वर. ते गर्भातच तयार होतात, निम्म्याहून अधिक शेवटच्या तीन महिन्यांत. छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास हे काम थांबते ते कायमचे. जन्मानंतर बाळाला कितीही खाऊ-पिऊ घातले तरी नवा नेफ्रॉन येत नाही.

संख्या कमी असली की उरलेल्या गाळण्यांवर ताण येतो. त्या फुगतात, त्यांच्यातला दाब वाढतो, लघवीतून प्रथिन जाऊ लागते आणि एकेक गाळणी वण धरून बंद पडते. अमेरिकेतील किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही मांडणी केली. नेदरलँड्समधील १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांच्या आया गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत होत्या, त्यांच्या लघवीत पन्नाशीच्या आसपास अल्ब्युमिन हे प्रथिन जाण्याचे प्रमाण जास्त आढळले. उंदरांवरील प्रयोगांत आईच्या आहारातली प्रथिने, लोह किंवा अ जीवनसत्त्व कमी केल्यावर पिलांचे नेफ्रॉन घटले.

कोल्हापूर हा दुधा-उसाचा सधन जिल्हा. इथे कसले कुपोषण, असे वाटेल. पण घरातले दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते, सून सगळ्यांच्या मागून जेवते, आणि ‘जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल, बाळंतपण जड जाईल’ हा सल्ला अजून ऐकू येतो. नेफ्रॉन भराभर तयार होतात त्याच महिन्यांत हात आखडला जातो. ऊसतोडीच्या टोळ्यांत हाल त्याहून मोठे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीसाठी धरलेली एक जोडी. ती पोटुशी असली तरी मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहणे सुटत नाही, आणि अंगणवाडीतली नोंद बहुधा मागे गावाकडे राहिलेली असते. महागडे टॉनिक लागत नाही. डाळ, अंडी, शेंगदाणे, नाचणी, पालेभाजी, घरच्या दुधातला पेलाभर वाटा आणि लोहाच्या गोळ्या एवढे तिला वेळेवर मिळायला हवे.

जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या प्रत्येकाला किडनीचा आजार होतोच असे नाही, धोका मात्र वाढतो. लहानपणी झपाट्याने अंगावर चरबी चढली तर तो आणखी वाढतो. अशा मुलांचा रक्तदाब अधूनमधून मोजावा, मोठेपणी लघवीतले प्रथिन तपासावे; अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. जन्मवजन माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेले असते. लसीकरण संपले की ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते किंवा हरवते, आणि तिशीत रक्तदाब वाढून दवाखान्यात आलेल्या माणसाला तो आकडा सांगता येत नाही.