ज्या पायाने लाथ, त्याच पायावर उतरायचं

दोरीला टांगलेला, सीलच्या कातड्याचा छोटासा चेंडू. खेळाडू उडी घेतो, हवेत एका पायाने चेंडूला लाथ मारतो आणि त्याच पायावर उतरतो. दुसरा पाय टेकला की प्रयत्न बाद. प्रत्येक उंचीला तीन संधी मिळतात. दोनदा चुकलेल्याजवळ जाऊन उडी कुठे फसतेय ते समजावणारा बऱ्याचदा त्याचा प्रतिस्पर्धीच असतो!

कॅनडा आणि अलास्काच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांचा हा जुना खेळ आज आर्क्टिक हिवाळी स्पर्धांमध्येही खेळला जातो. इनुइट भाषेत 'पिलिम्माक्सार्निक' असा एक शब्द आहे. जाणत्याकडे बघत, हाताने करत, सरावातून कौशल्य अंगी बाणवणं, असा त्याचा अर्थ. खेळ आणि कलेतून मूळनिवासी तरुणांत नेतृत्व घडतं, असं म्हटलं जातं. नेतृत्वाच्या शिबिरांत तक्ते लावून जे शिकवतात, ते इथे चेंडूखाली उभ्या उभ्या होऊन जातं.

पण मुलांना मैदानावर सोडलं की आपोआप नेते घडतात, असं समजणं भाबडेपणाचं आहे. कॅनडातल्या निवासी शाळांनी सुमारे दीड लाख मूळनिवासी मुलांना घर आणि भाषेपासून तोडलं. खेळ त्या शाळांमध्येही होते. मुलांचं मूळनिवासीपण पुसून त्यांना शिस्तीत बसवण्याचं तेही एक साधन होतं. क्री या मूळनिवासी समाजाचे फ्रेड सासाकामूस अशाच शाळेत आइस हॉकी शिकले आणि १९५३-५४ च्या हंगामात नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक स्पर्धेचे ११ सामने खेळले. त्या शाळेतल्या छळाबद्दल ते पुढे जाहीरपणे बोलले. त्यांचं नेतृत्व दिसलं ते गावी परतल्यावर. ते आपल्या समाजाचे प्रमुख झाले आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी खेळ उभे केले. कलेची गत तर आणखी वाईट होती. नाच, गाणी, मुखवटे यांच्यासह होणारा पॉटलॅच हा पश्चिम किनाऱ्यावरच्या समाजांचा दानाचा सोहळा १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने गुन्हाच होता.

म्हणजे खेळ कोणता, यापेक्षा तो कुणाच्या हातात, हा प्रश्न मोठा. याला एका अभ्यासाचा भक्कम आधार आहे. मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जवळपास २०० मूळनिवासी समाजांमधल्या तरुणांच्या आत्महत्यांची १९८७ ते १९९२ या काळातली नोंद तपासली. ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक समाजांत एकही आत्महत्या नव्हती. काहींत प्रमाण भयंकर होतं. मग त्यांनी सहा गोष्टी मोजल्या: जमिनीच्या हक्काचा लढा, स्वशासन, स्वतःच्या ताब्यातलं शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन आणि सांस्कृतिक कार्यासाठी हक्काची जागा. ज्या समाजांत सहाही होत्या, तिथे त्या काळात तरुणांची एकही आत्महत्या झाली नव्हती.

एक गोष्ट दुसरीसोबत दिसली म्हणजे तिचं कारण सापडलं, असं नाही. आधीपासून सावरलेला समाज सभागृहही बांधू शकतो आणि मुलांनाही सांभाळू शकतो. तरी चँडलर आणि लालोंड यांचं स्पष्टीकरण मला पटतं. किशोरवयात शरीर, मित्र, मतं सगळंच बदलतं, आणि 'कालचा मी आणि उद्याचा मी एकच' हा धागा तुटू शकतो. आपल्या लोकांचा भूतकाळ आणि भविष्य जोडलेलं दिसलं, की तो धागा धरायला आधार मिळतो.

निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या ९४ आवाहनांपैकी ८७ ते ९१ ही पाच खेळाबद्दल आहेत. त्यांतलं एक खेळाडूंच्या दीर्घकालीन विकासाचं आहे. 'दीर्घकालीन' हा शब्द अधोरेखित करावासा वाटतो, कारण अनुदान वर्षाच्या हिशेबाने येतं आणि मूल वाढायला दहा वर्षं लागतात.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या इग्लुलिक गावात दोन तरुणांच्या आत्महत्यांनंतर १९९८ मध्ये आर्टसर्क हा सर्कस-गट सुरू झाला. त्यात कसरती आहेत, विदूषकी आहे, आणि सोबत ढोलनाच, कंठगायन आणि लाथेचे ते जुने खेळही. प्रयोग बसवणारे, रंगवणारे बहुतेक गावातलेच तरुण.