एमएएच आणि अँप: सेल निवडताना होणारा तोच तो घोळ

घरी वेप मॉड (बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट) बनवायला घेतलं की पहिला प्रश्न "सेल कुठला घेऊ?" आणि त्यावर पाच जण धावत येऊन सांगणार, "सगळ्यात जास्त एमएएचवाला घे, दणकून पॉवर मिळेल." अरे नाही मिळत! एमएएच म्हणजे पॉवर नव्हे, आणि हे मी इतक्या वेळा टाइप केलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

एमएएच तुम्हाला फोन आणि पॉवर बँकमुळे पाठ आहे. सेलमध्ये एकूण साठा किती, बास. फक्त एक लक्षात ठेवा, १८६५० साइजमध्ये (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) चांगल्या कंपन्यांचे नेहमीचे सेल ३५००-३६०० पर्यंत जातात, त्यामुळे ९९०० छापलेला सेल दिसला की तो खोटा, त्यावर चर्चाच नको.

आता अँप. डेटाशीटमध्ये कंटिन्युअस डिस्चार्ज करंट म्हणून जो आकडा असतो तो. हा समजावताना सगळे पाण्याची टाकी आणि नळाचं उदाहरण देतात, आणि माझ्या मते अर्धा घोळ त्या उदाहरणानेच केलाय. कारण नळ बारीक असला तर पाणी कमी येतं, एवढंच होतं, नुकसान काही नाही. म्हणून लोकांना वाटतं ८ अँपचा सेल लावला तर फार तर कॉइल (वाफ करणारी तापती तार) जरा मंद तापेल. सेल असा वागत नाही हो. तो ८ अँपला थांबत नाही, कॉइल जेवढं ओढेल तेवढं देत राहतो आणि आतून तापत जातो. तो आकडा सेल किती देतो याचा नाहीच, किती सोसतो याचा आहे.

किती ओढलं जाणार हे कॉइल ठरवते, साधा ओहमचा नियम. फुल चार्ज सेल ४.२ व्होल्ट, कॉइल ०.२५ ओहम, भागाकार केला की १६.८ अँप. वायर आणि सेलच्या आतला रेझिस्टन्स धरला तर प्रत्यक्षात थोडं कमी, पण हिशोब मात्र ४.२ धरूनच करायचा, ३.७ (सेलचा सरासरी व्होल्टेज) धरून स्वतःला फसवायचं नाही. आता सॅमसंगचे दोन सेल घ्या. ३५ई हा ३५०० एमएएच आणि ८ अँप, २५आर हा २५०० एमएएच आणि २० अँप. जास्त एमएएचच्या मोहात ३५ई लावला की तो सोसू शकतो त्याच्या दुप्पट करंट जातोय. आणि सेलमधली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण ती करंटच्या वर्गाने वाढते. समजा आतला रेझिस्टन्स ०.०३ ओहम, तर ८ अँपला सेलच्या पोटात साधारण २ वॅट, १६ अँपला पावणेआठ. तेवढ्याशा बंद डबीत!

दोन्ही गोष्टी एकाच सेलमध्ये का नाहीत? डबी तेवढीच आहे ना. इलेक्ट्रोडवर मटेरियलचा थर जाड दिला की साठा वाढतो पण आयनांना वाट लांब पडते, थर पातळ दिला की करंट सहज निघतो पण साठा घटतो.

उलटा प्रश्नही येतो, "२० अँपचा सेल लावला तर माझी १ ओहमची कॉइल जळेल का?" नाही जळणार, ती ४.२ अँपच ओढणार. जास्त अँपचा सेल कॉइलमध्ये काही घुसवत नाही.

रॅपरवर मोठ्ठ्या अक्षरात ३५ किंवा ४० अँप असतं ना, ते बहुतेकदा पल्सचं असतं, म्हणजे काही सेकंदांपुरतं, आणि किती सेकंद ते लिहिलेलं नसतं. माझ्यासाठी तो आकडा शून्य. बटण अडकलं किंवा मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झाला (आणि मॉसफेट खराब झाला की बऱ्याचदा शॉर्टच होतो) तर तुमचा पल्स कंटिन्युअस झालाच की.

सेल आणि कॉइलच्या मधे रेग्युलेटेड बोर्ड, म्हणजे पॉवर सांभाळणारं सर्किट, असेल तर गणित फिरतं आणि तिथे जुने लोकही चुकतात. बोर्ड ठरलेले वॅट देतो, त्यामुळे सेल उतरेल तसा करंट वाढतो, कमी होत नाही. ६० वॅट, बोर्डची एफिशियन्सी ९० टक्के धरली तर ४.२ व्होल्टला सुमारे १६ अँप आणि ३.२ व्होल्टला जवळजवळ २१. इथे कॉइलचे ओहम बघून सेल निवडू नका, वॅट आणि बोर्डचा कटऑफ व्होल्टेज (सेल किती उतरला की बोर्ड बंद होतो तो आकडा) बघा.

दोन सेल पॅरलल लावले तर करंट वाटला जातो, सिरीजमध्ये वाटला जात नाही, दोन्हींतून तेवढाच जातो. सेलचं टोक सपाट (फ्लॅट टॉप) की उंचवटा असलेलं (बटण टॉप) हा फक्त होल्डरमध्ये बसण्याचा प्रश्न आहे. आणि टीपी४०५६ चा प्रोटेक्शनवाला चार्जिंग मॉड्यूल लावून कॉइल पेटत नाही म्हणून सेलला शिव्या देणाऱ्यांनो, त्यातलं प्रोटेक्शन ३ अँपच्या आसपासच तोडतं, सेलची काही चूक नाही.